स्टीव्हन्स, थॅडियस

स्टीव्हन्स, थॅडियस : (४ एप्रिल १७९२–११ ऑगस्ट १८६८). अमेरिकन वकील, संसदपटू व गुलामगिरीचे कट्टर विरोधक. व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डार्टमथ कॉलेजातून पदवी (१८१४) घेऊन ते पेनसिल्व्हेनियात आले आणि गेटिसबर्ग येथे वकिली करू लागले. १८२१ मध्ये त्यांनी एका गुलाममालकाचा खटला जिंकून दिला व त्यामुळे स्वातंत्र्य मागणारी एक स्त्री पुन्हा दास्यात गेली. पुढे मात्र ते पळून आलेल्या गुलामांच्याच बाजूने न्यायालयात उभे राहत आले.

राज्याच्या विधिमंडळात असताना, मोफत शाळांचा १८३४ चा कायदा रद्द होण्याच्या बेतात आला होता, तो त्यांच्या १८३५ मधील भाषणामुळे वाचला. राज्याच्या नव्या संविधानाने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा संविधान परिषदेचे (१८३७-३८) सदस्य असूनही त्यांनी त्यावर सही केली नाही.

राष्ट्रीय प्रतिनिधिगृहात ते १८४९–५३ या काळात व्हिग पक्षातर्फे आणि १८५९ पासून अखेरपर्यंत रिपब्लिकन पक्षातर्फे होते. यादवी युद्धात (१८६१–६५) कर व कर्जउभारणी ज्या समितीकडे होती, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. युद्धानंतर, पराभूत दक्षिणी राज्यांना कोणत्या अटींवर संघराज्यात परत घ्यावे हा प्रश्न, म्हणजेच पुनर्रचनेचा प्रश्न, उभा राहिला आणि त्यांचे खरे मोठेपण दिसते ते येथेच. गुलामांना जमिनीवाचून मिळालेले स्वातंत्र्य पोकळ ठरेल हे त्यांनी पुरते ओळखले होते. म्हणून, बंडखोरांपैकी ज्यांची जमीन २०० एकरांहून अधिक किंवा मालमत्ता १०,००० डॉलरची असेल त्यांच्या जमिनी जप्त कराव्यात आणि त्यांतून प्रत्येक प्रौढ मुक्त पुरुषास ४० एकर द्यावेत, अशी योजना त्यांनी सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टर येथील भाषणात मांडली. खाजगी मालमत्तेला हात लावण्यास त्यांच्याच पक्षातील बहुसंख्य सदस्य धजले नाहीत आणि ती योजना बारगळली; पुनर्रचनेतील हीच सर्वांत मोठी उणीव म्हटली पाहिजे.

नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण देणारी संविधानाची चौदावी दुरुस्ती त्यांना अपुरी वाटत होती, तरी ती संमत करून घेण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुनर्रचनेला अडथळे आणणारे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगासाठी (पदच्युतीच्या खटल्यासाठी) ते आजारपणातही झटले, परंतु सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ असे मतदान होऊन आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताला एकच मत कमी पडले. त्यानंतर काही महिन्यांतच वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. इतर दफनभूमींत कृष्णवर्णीयांना मज्जाव असल्याने, सर्वांना खुल्या असलेल्या लँकेस्टरमधील एका लहान दफनभूमीत आपले दफन व्हावे, असे त्यांनी ठरवून ठेवले होते. वर्णावरून मताधिकार नाकारण्यास बंदी घालणारी संविधानाची पंधरावी दुरुस्ती मात्र त्यांच्या निधनानंतर, १८७० मध्ये अमलात आली.