दिनविशेष : १६ ऑक्टोबर
१९६८ : मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या टॉमी स्मिथने २०० मीटर शर्यत १९.८३ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली; जॉन कार्लोस तिसरा आला. पदक स्वीकारताना दोघांनी उंचावलेल्या काळ्या हातमोज्यांतल्या मुठी जगभर गाजल्या. त्यांना घडवणारे सॅन होजे स्टेट कॉलेजचे प्रशिक्षक बड विंटर मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत.

विंटर यांची शिकवण उफराटी वाटावी अशी : वेग हवा तर अंग सैल सोडा. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या वैमानिकांना ताण उतरवायला शिकवताना जे उमगले, ते त्यांनी धावपट्टीवर आणले. जबडा सैल, हात सैल, गुडघे उंच. दातओठ खाऊन धावणारा आपल्याच स्नायूंशी झुंजतो, हे त्यांचे म्हणणे. (आपल्याकडच्या शाळांच्या मैदानांवर आजही ‘जोर लाव’ हीच आरोळी!) स्मिथच्या विजयानंतर दोनच दिवसांनी विंटर यांच्याच ली इव्हान्सने ४०० मीटर ४३.८६ सेकंदांत जिंकली. तो विक्रम वीस वर्षे टिकला.

विंटर १९७०मध्ये निवृत्त झाले. १९८८मध्ये, एव्हाना विद्यापीठ झालेल्या त्याच कॉलेजने ॲथलेटिक्सचा संघच बंद केला. २००५मध्ये आवारात स्मिथ-कार्लोस यांचे पुतळे मात्र उभारले.