वारसा रक्ताचा की जंतूचा? : जठराच्या कर्करोगाचा एक इतिहास

आजचा विषय वैद्यकाचा आणि आम्ही आयुष्यभर शिकवले तत्त्वज्ञान. तेव्हा आमचा इथे अधिकार काय, असे कुणी विचारले तर उत्तर एवढेच, की 'कारण' या शब्दाचा अर्थ काय हा प्रश्न आमच्या घरचा आहे. एखाद्या घरात आजोबा, वडील, मुलगा एकाच रोगाने जातात तेव्हा लोक म्हणतात, "त्यांच्या रक्तातच आहे ते." हे वाक्य कितपत खरे, ते आज जठराच्या कर्करोगाच्या निमित्ताने पाहू.

१७८५ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे कार्लो बोनापार्ट वारले. वय अवघे ३८. शवविच्छेदनात जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ आढळली. त्यांचा मुलगा नेपोलियन तेव्हा १५ वर्षांचा होता. पुढे तो सम्राट झाला, हरला आणि सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना पोटाच्या दुखण्याने खंगत गेला. वडिलांचेच दुखणे आपल्या वाट्याला आले, असे त्याला वाटे. त्याने आपले डॉक्टर अंतोम्मार्की यांना बजावून ठेवले होते, की मृत्यूनंतर शव उघडा, जठर नीट तपासा आणि काय दिसते ते माझ्या मुलाला कळवा, म्हणजे त्याला तरी जपता येईल. ५ मे १८२१ रोजी तो गेला. दुसऱ्या दिवशी शव उघडले, तेव्हा जठरात मोठा व्रण सापडला. विषप्रयोगाची चर्चा नंतर पुष्कळ झाली, ती आपण बाजूला ठेवू. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो बापाचा प्रश्न : हे माझ्या मुलाला होईल का?

त्या मुलाचे काय झाले? १८३२ मध्ये व्हिएन्नात, वयाच्या २१ व्या वर्षी, तो क्षयाने गेला. त्या काळी क्षयालाही पुष्कळ डॉक्टर घराण्याचाच रोग समजत. पन्नास वर्षांनी, १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. आता बघा, एका घरातली माणसे रक्त वाटून घेतात, तसेच पाणी, भांडी, अंथरूण आणि खोकलाही वाटून घेतात. रोग घराण्यात दिसला एवढ्यावरून तो रक्तातून आला असे ठरत नाही.

आमच्या नैयायिकांनी कारणाचा विचार फार बारकाईने केला. घडा कशाने होतो? माती हवी, कुंभार हवा, चाक हवे, ते फिरवणारा दंड हवा. ही सगळी सामग्री जमली तरच घडा होतो. मग माती वाहून आणणारे गाढव? ते घड्याच्या आधी हजर असते खरे, पण त्याला कारण म्हणायचे नाही. माती डोक्यावरून आणली तरी घडा होतोच. अशा गोष्टीला त्यांनी 'अन्यथासिद्ध' म्हटले. हे गाढव लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

जठरातल्या आम्लात जंतू टिकूच शकत नाही, अशी वैद्यकाची दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी ती मोडली. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत प्रयोगशाळेतल्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत जंतूची वाढ दिसली. तोच आजचा हेलिकोबॅक्टर पायलोरी. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि त्यांच्या जठराला दाह झाला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याआधी १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात टाकले होते.

तरी शंका होतीच. हा जंतू म्हणजे कुंभाराचे गाढव तर नव्हे? आजारी जठरात नुसताच वस्तीला आलेला? जपानमधील उएमुरा आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी १,५२६ रुग्णांवर सरासरी आठेक वर्षे लक्ष ठेवले. जंतू असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना कर्करोग झाला. जंतू नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. जंतू गाढव नाही, हे यातून दिसले. पण दुसरीही गोष्ट दिसली. संसर्ग असलेल्यांपैकी ९७ टक्के लोकांना त्या काळात कर्करोग झाला नाही. मग त्या ३६ जणांतच असे काय होते?

इथे रक्त परत येते. 'रक्तात' असण्याचा शोध आधीपासून चालूच होता. १९५३ मध्ये एअर्ड, बेंटॉल आणि रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले, की जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांत 'ए' रक्तगट अपेक्षेपेक्षा जास्त आढळतो. फरक थोडा होता, पण होता. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या एका माओरी कुटुंबात थेट दोषी जनुक सापडले. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माणसे तरुण वयात जठराच्या कर्करोगाने जात होती. पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने कुटुंबाच्या सहकार्याने शोध घेतला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन असते. ते बनवणाऱ्या सीडीएच-१ या जनुकात बिघाड होता. इथे "रक्तातच आहे" हे वाक्य जवळजवळ अक्षरशः खरे ठरते. पण अशी घराणी विरळा.

बाकीच्यांचे काय? २००० साली एमाद एल-ओमार यांच्या गटाने स्कॉटलंड आणि पोलंडमधील लोकांत इंटरल्यूकिन-१ बीटाचे जनुक तपासले. हा दाह पेटवणारा रेणू, आणि तोच जठरातले आम्लही कमी करतो. ज्यांच्यात या जनुकाची विशिष्ट रूपे होती, त्यांना जंतूच्या संसर्गानंतर कर्करोगाचा धोका अधिक होता. म्हणजे आग लावणारा जंतू, पण ती किती भडकते ते घरच्या लाकडावर अवलंबून.

आता जंतूलाही वंश असतो, बरं का. कोलंबियाच्या नारिन्यो प्रांतात किनाऱ्यावर तुमाको आहे आणि डोंगरावर तुकेरेस. दोन्हीकडे बहुतेक सगळ्यांना हा संसर्ग, तरी डोंगरात जठराचा कर्करोग सुमारे २५ पट जास्त. २०१४ मध्ये इथे माणसांचे आणि जंतूंचे, दोघांचेही पूर्वज तपासले गेले. किनाऱ्यावरची माणसे बव्हंशी आफ्रिकी वंशाची. आफ्रिकी वळणाचा जंतू त्यांच्यात नांदतो, फार त्रास देत नाही. तोच जंतू अमेरिकेच्या मूळनिवासी वंशाच्या माणसात गेला की जठराची हानी जास्त. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार मोडला की असे होते. मग दोष माणसाचा म्हणायचा की जंतूचा? दोघांच्या न जुळण्याचा म्हणावा लागेल.

सर्वांत स्पष्ट आकडा २०२३ चा आहे, पुन्हा जपानचा. दहा हजारांवर रुग्ण आणि अडतीस हजारांवर कर्करोग नसलेले लोक यांची जनुके तपासली. स्तनाच्या कर्करोगामुळे आपल्याला ऐकून माहीत असलेली बीआरसीए ही जनुके डीएनएला गेलेले तडे सांधतात. या जंतूमुळे असे तडे जातात. म्हणजे तडे पाडणारा घरात आणि गवंडी गैरहजर. जंतू आहे पण सांधणारी जनुके शाबूत आहेत, अशा लोकांत वयाच्या ८५ पर्यंत कर्करोगाचा धोका सुमारे १४ टक्के निघाला. जंतूही आहे आणि जनुकातही बिघाड आहे, अशांत तो ४५ टक्क्यांवर गेला. ही साधी बेरीज नव्हे, एक कारण दुसऱ्याचे बळ वाढवते. नैयायिकांची सामग्री ती हीच.

आपल्याकडे पाहा. भारतात हा संसर्ग घरोघरी आहे, पण जठराचा कर्करोग जपान-कोरियाच्या मानाने खूप कमी. मात्र मिझोराममध्ये त्याचे प्रमाण देशात सर्वांत वरचे. तिथे धुरावलेले मांस आणि तंबाखूच्या धुराचे पाणी, ज्याला तिथे तुइबूर म्हणतात, यांच्याकडे अभ्यासक बोट दाखवतात. म्हणजे सामग्रीत जनुक आणि जंतू यांच्या जोडीला ताटही आले.

मग नेपोलियनच्या प्रश्नाला आज उत्तर आहे का? बरेचसे आहे. २०२० मध्ये कोरियातून एक अभ्यास आला. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झालेला आहे आणि ज्यांच्या स्वतःच्या जठरात हा जंतू आहे, अशा १,६७६ जणांचा. निम्म्यांना जंतू मारणारे औषध दिले, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशा गोळ्या. नऊ वर्षांच्या आसपास वाट पाहिली. औषध घेतलेल्यांपैकी १० जणांना कर्करोग झाला, न घेतलेल्यांपैकी २३ जणांना. दहांना झाला हे विसरू नका. पण आकडा निम्म्याहून खाली आला तो रक्त न बदलता. आईबापांकडून आलेले जनुक काढून टाकता येत नाही, त्यांच्याकडूनच बहुधा लहानपणी आलेला जंतू काढता येतो.

म्हणून, ज्यांच्या घरात हा रोग झाला आहे त्यांना आमचे सांगणे असे. "आमच्या रक्तातच आहे" म्हणून हातपाय गाळू नका आणि ज्याला झाला त्याच्या खाण्यापिण्यावर दोष ठेवत बसू नका. डॉक्टरांना विचारून जंतूची तपासणी करून घ्या. घरात दोन-तीन जण तरुणपणीच गेले असतील तर जनुकांच्या तपासणीबद्दलही विचारा. दैव शब्दाचा अर्थ काय, यावर आम्ही वर्गात पुष्कळ वर्षे बोललो. ज्याला आपण दैव म्हणतो त्याचा एक भाग दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितले असते तर तो तास आम्ही निराळ्या रीतीने घेतला असता.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.