दिनविशेष : ८ ऑक्टोबर

१९२० : ‘ड्यून’कार अमेरिकी विज्ञानकथालेखक फ्रँक हर्बर्ट यांचा टॅकोमा येथे जन्म. १९६५ च्या या कादंबरीवर अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने १९७९ मध्ये त्याच नावाचा पटावरचा खेळ काढला. बिल एबर्ली, जॅक किटरेज आणि पीटर ओलोत्का हे त्याचे रचनाकार. अराकिस या वाळवंटी ग्रहाच्या गोल नकाशावर सहा पक्ष झुंजतात. प्रत्येकाचे बळ निराळे, हेच या खेळाचे खरे वैभव. लढाईत फासे नाहीत. गुप्तपणे फिरवलेली चकती, हातातले पत्ते आणि सरदाराची फितुरी निकाल लावते. पाचपैकी तीन ठाणी एकट्याने राखणारा जिंकतो. दीर्घकाळ दुर्मीळ राहिलेल्या या खेळाची नवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली, तरी संग्राहकांना मूळ १९७९ चीच पेटी हवी असते.