मूत्रपिंड-निचरा (वाढलेल्या अष्ठीला-कर्करोगातील)

अष्ठीला ग्रंथीचा, म्हणजे बोलीत जिला सर्वजण प्रोस्टेटच म्हणतात तिचा, कर्करोग ग्रंथीच्या वेष्टनाबाहेर पसरून मूत्रवाहिन्यांची तोंडे बुजवू लागला, अथवा ओटीपोटातील लसीकाग्रंथींच्या गाठींनी त्या वाहिन्या बाहेरून आवळल्या, म्हणजे मूत्रपिंडात कोंडलेले मूत्र शरीराबाहेर काढण्यासाठी ज्या क्रिया कराव्या लागतात त्यांस ही संज्ञा आहे. तिचे मुख्य प्रकार दोन : पाठीतून सुई घालून थेट मूत्रपिंडात नळी बसविणे, जिला रुग्णालयात ‘पीसीएन’ म्हणतात, आणि मूत्रवाहिनीच्या आतून दोन्ही टोकांना वळण असलेली बारीक नळी सरकविणे, जिला ‘डीजे स्टेंट’ म्हणतात. रुग्णाच्या घरी मात्र दोहोंस एकच नाव असते : किडनीत पाइप टाकला.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे दीड लिटर मूत्र तयार करतात आणि ते 25 ते 30 सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. या वाहिन्यांची मुखे मूत्राशयाच्या तळाशी, अष्ठीलेच्या अगदी डोक्यावर असल्याने तेथील कर्करोग वाढला की त्यांच्यावर गदा येते. हा अवरोध मुतखड्यासारखा कळा देत येत नाही, आणि त्यातच त्याचा धोका आहे. अन्नावरची वासना जाते, पायांवर सूज चढते, उचकी लागते, माणूस दिवसा पेंगू लागतो. आणि सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत घरची माणसे हे सारे वयाच्या खात्यावर मांडून मोकळी होतात. रक्तातील क्रिएटिनिन तपासले आणि सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली दिसली, म्हणजे खरी हकीकत उघड होते.

पाठीत छिद्र पाडण्याचा विचार करण्यापूर्वी एक साधी गोष्ट करून पाहणे आवश्यक असते. मूत्राशयाचे द्वारच रोगाने बंद झाले असेल, तर वर तुंबलेले पाणी मूत्रमार्गातून घातलेल्या साध्या नळीनेही उतरते. हे काम ग्रामीण रुग्णालयातही होते. नळी घालूनही मूत्रपिंडे फुगलेलीच राहिली, तरच अवरोध मूत्रवाहिनीत आहे असे ठरते.

पीसीएनची क्रिया बहुधा अर्ध्या तासात आटोपते. रक्त गोठण्याची तपासणी करून आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती थांबवून, रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे निजवितात. रक्तातील पोटॅशियम फार चढले असेल तर आधी डायालिसिस करावे लागते, कारण त्या अवस्थेत हृदय केव्हा दगा देईल याचा नेम नसतो. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांमधली जागा भूल देऊन बधिर करतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई मूत्रपिंडाच्या मागच्या-बाहेरच्या कडेने खालच्या कप्प्यात नेतात. त्या रेषेवर मोठ्या रक्तवाहिन्या विरळ असतात, म्हणून हीच वाट धरण्याचा प्रघात आहे. सुईतून मूत्राचे थेंब आले की तिच्यातून तार आत सोडतात, तारेवरून वाट रुंद करतात आणि शेवटी आतल्या टोकाला वेटोळे असलेली नळी बसवून ती त्वचेला टाक्याने बांधतात. नळीची जाडी फ्रेंच मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, आणि नळी सामान्यतः 8 ते 12 फ्रेंचांची असते. पहिला दिवस-दोन दिवस मूत्र लालसर येते, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मोठा रक्तस्राव किंवा रक्तात जंतू पसरणे हे धोके मोजक्या रुग्णांतच उद्भवतात, पण उद्भवले तर जिवावर बेततात. कोंडलेले मूत्र पूमय झाले असेल, तर ही क्रिया उद्यावर ढकलता येत नाही.

अवरोध सुटल्यावर कित्येकदा मूत्राचा लोंढा सुरू होतो व दर तासाला शेकडो मिलिलिटर मूत्र पडते. त्या वेळी आत दिलेले पाणी व बाहेर गेलेले पाणी यांचा हिशेब कोणी काटेकोर ठेवला नाही, तर वाचलेला माणूस कोरडा पडून पुन्हा संकटात येतो.

त्वचेतून नळी घालण्याची ही पद्धत अमेरिकेतील विलर्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या दोन वर्षे आधी, 1953 मध्ये, स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार व तारेवरून नळी घालण्याची जी युक्ती सांगितली होती, तिच्या आधाराने ही क्रिया पुढे सुलभ झाली. डीजे स्टेंट 1978 पासून वापरात आला. या रोगाच्या इतिहासातील मोठे वर्ष मात्र 1941 होय. चार्ल्स हगिन्स यांनी अष्ठीलेचा कर्करोग पुरुष-संप्रेरकावर पोसला जातो हे त्याच वर्षी दाखवून दिले, त्यासाठी त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि परळचे टाटा स्मारक रुग्णालयही 1941 मध्येच उघडले.

हगिन्स यांचा हा शोध निचऱ्याच्या निर्णयाशी थेट निगडित आहे. निचरा कर्करोगावरचा इलाज नव्हे. तो मुदत मिळवून देतो, आणि त्या मुदतीत काय करता येईल यावर तो करावा की नाही हे ठरावे. ज्याचा रोग नुकताच उघडकीस आला आहे व ज्याला संप्रेरकरोधक उपचार अद्याप मिळालेलाच नाही, अशा रुग्णाची गाठ त्या उपचाराने आक्रसते, वाहिन्या मोकळ्या होण्याचा संभव असतो आणि कित्येकदा नळी काढूनही टाकता येते. अशा माणसाला निचऱ्यावाचून जाऊ देणे हा अन्याय आहे. वृषणे काढण्याची लहान शस्त्रक्रिया काही तासांत संप्रेरक खाली आणते. दर काही महिन्यांनी संप्रेरकरोधक इंजेक्शनासाठी येणे ज्याला जमणार नाही, त्याला ती अजूनही सोयीची पडते. काही इंजेक्शने आरंभी आठवडा-दोन आठवडे उलट संप्रेरक वाढवितात, म्हणून अवरोध असताना ती बेताने, जोडीला दुसरे औषध देऊनच वापरतात.

परंतु सर्व उपचार संपून रोग त्यांना दाद देईनासा झाला असेल, हाडांत पसरलेल्या रोगाने माणूस अंथरुणाला खिळला असेल, तर नळीने मिळणारे आयुष्य बहुधा काही महिन्यांचेच असते आणि त्याचा बराच भाग रुग्णालयाच्या खेपांत जातो. मूत्रविषाने येणारी गुंगी हा त्या अवस्थेतील मृत्यूंपैकी सौम्य प्रकार आहे, हे सत्य डॉक्टरने कुटुंबाला सांगावे, आणि त्याआधी शुद्धीवर असलेल्या रुग्णाला विचारावे. तो पेंगुळला की त्याच्या वतीने मुलगे बोलू लागतात व त्याची स्वतःची इच्छा मागे राहते. निचरा न करण्याचे ठरले तरी शुश्रूषा थांबत नाही. मात्र मॉर्फिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने त्याची मात्रा कमी ठेवावी लागते.

निचऱ्याच्या दोन प्रकारांपैकी स्टेंट बाहेरून दिसत नाही व मूत्राची पिशवीही बाळगावी लागत नाही, म्हणून रुग्ण तोच मागतो. पण या कर्करोगात वाहिनीची मुखेच गाठीखाली झाकलेली असतात, त्यामुळे दुर्बिणीतून ती सापडत नाहीत. स्टेंट बसला तरी बाहेरच्या दाबाने तो निकामी होण्याचे प्रमाण मोठे. तेव्हा आधी पाठीतून नळी, आणि सोसवल्यास काही दिवसांनी त्याच वाटेने वरून स्टेंट, असा क्रम पुष्कळदा धरतात. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली असली तरी ज्याचा गर अधिक जाड तेवढे एकच मोकळे करून सहसा भागते.

रायगडातील कर्जत व खालापूर या तालुक्यांचे जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग असले, तरी या क्रियांसाठी आजाऱ्याची वाट मुंबईकडेच वळते. कर्जत मुंबईपासून रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटर, खोपोली त्याच्याही पुढे. त्यामुळे येथला रुग्ण लोकलने परळला, नाहीतर चौकवरून पनवेलमार्गे कामोठे-खारघरला जातो. खारघरला टाटा स्मारक केंद्राचीच संस्था आहे. उपचारांच्या खर्चासाठी असलेली राज्याची जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत रायगड होता. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. शिधापत्रिका व ओळखीचा पुरावा पहिल्याच खेपेला बरोबर नेला, तर मंजुरीचे काम अडून राहत नाही.

पाठीतली नळी दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते, कारण क्षार साचून ती बुजते. येथे अंतर हाच प्रश्न होतो. भीमाशंकराच्या पायथ्याच्या खांडसहून निघालेल्या माणसाला एका नळीबदलापायी अख्खा दिवस, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि कमरेला पिशवी बांधून गर्दीतला प्रवास पडतो. जून ते सप्टेंबरच्या पावसात पाठीवरची पट्टी ओलसर राहते व कडेने त्वचा लाल होते; तेव्हा पट्टी बदलण्याचे काम गावातल्या परिचारिकेने किंवा आशा कार्यकर्तीने शिकून घेतले, तर निम्म्या खेपा वाचतात. पिशवी नेहमी मूत्रपिंडाच्या पातळीखाली असावी, दोन-तृतीयांश भरली की ओतावी. ओतण्याआधी मापाच्या भांड्यात मोजून कॅलेंडरच्या त्या-त्या चौकटीत आकडा लिहिणारी घरची बाई डॉक्टरला अनेक तपासण्यांहून अधिक सांगून जाते : कालपर्यंत सातशे येत होते, आज दीडशेच.

थंडी वाजून ताप येणे, पिशवीत काहीच न उतरणे, मूत्र पुन्हा लालभडक होणे अथवा नळी निसटणे, या चारही गोष्टींत सकाळची वाट पाहू नये. नळी निसटल्यावर त्वचेतली वाट काही तासांत मिटू लागते. वेळेत पोहोचल्यास त्याच छिद्रातून नवी नळी घालता येते, उशीर झाल्यास पुन्हा सुई. यासाठी नळी कोणत्या बाजूची, किती फ्रेंचांची, कोणत्या तारखेला बसविली व पुढची तारीख कोणती, एवढा मजकूर लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेशेजारी ठेवावा.