कासुलेची कुळकथा

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, जुन्या लांगदोक प्रांतात, कास्तेलनोदारी नावाचे एक लहानसे गाव आहे. १६८१ साली खुला झालेला 'कानाल द्यु मिदी' हा प्रसिद्ध कालवा या गावावरून जातो. परंतु गावाची खरी कीर्ती कालव्यामुळे नाही, मडक्यामुळे आहे. तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळत्या अशा तेथील मातीच्या भांड्यास 'कासोल' म्हणतात. शेजारच्या इसेल गावचे कुंभार या भांड्यासाठी नावाजलेले. या भांड्यात पांढरा घेवडा, डुकराचे मांस, सॉसेज आणि स्वतःच्याच चरबीत शिजवून मुरवलेले बदक एकत्र भाजत ठेवले, की जे सिद्ध होते ते 'कासुले'.

हा पदार्थ वेळखाऊ आहे. घेवडा आदल्या रात्री भिजवावा, सकाळी उकडावा, मग मडके मंद भट्टीत तासन् तास ठेवावे. वर जमलेली तपकिरी साय मोडून आत दाबावी, ती पुन्हा जमू द्यावी, आणि हे सात वेळा करावे, असा जुन्या जाणत्यांचा दंडक. आनातोल फ्रान्स याने १९०३ सालच्या एका कादंबरीत तर पॅरिसमधील एका खाणावळीचे कासुले वीस वर्षे अखंड शिजत असल्याचे लिहिले आहे! आजच्या संसारी माणसास एवढा अवकाश कोठला? म्हणून दोन तासांत उरकणाऱ्या घरगुती कृती निघाल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ 'हे कासुले नव्हेच' असा आक्षेपही निघाला. या आक्षेपात तथ्य किती, हे ठरवावयाचे तर पदार्थाची कुळकथाच तपासली पाहिजे.

दंतकथा अशी की, शतवार्षिक युद्धात इंग्रजांनी कास्तेलनोदारीस वेढा दिला, तेव्हा नगरवासीयांनी घरोघरचे उरलेसुरले धान्य व मांस एका मोठ्या भांड्यात शिजविले. ते खाऊन सैनिकांस असे बळ आले की शत्रू पळता भुई थोडी झाला. इतिहास मात्र याच्या नेमका उलट आहे. १३५५ च्या शरदात 'ब्लॅक प्रिन्स' म्हणून ओळखला जाणारा इंग्लंडचा युवराज एडवर्ड बोर्दोहून लांगदोकवर चालून आला आणि त्याने कास्तेलनोदारी जाळून टाकले. पराभूत गावाने पुढे कथेत तरी विजय मिळविला, यात नवल नाही. असे आपल्याकडेही घडते.

दंतकथेत दुसरीही एक फट आहे. ज्या घेवड्यावाचून आज कासुले होत नाही, तो घेवडा मूळचा अमेरिकेचा. कोलंबसाने १४९२ साली अटलांटिक ओलांडण्यापूर्वी तो युरोपात कोणी पाहिलेला नव्हता. म्हणजे १३५५ साली भांडे चुलीवर चढले असेलच, तर त्यात जुना बाकला असणार. आज जो अस्सलपणाचा कणा मानला जातो, तोच एके काळी परका पाहुणा होता. आपण हसण्याचे कारण नाही. आपला श्रावण घेवडा त्याच अमेरिकन कुळातला, आणि 'फरसबी' हे अस्सल मराठी वाटणारे नाव 'फ्रेंच बीन'चेच घरगुती रूप आहे.

शिवाय अस्सल कोणते, यावर खुद्द त्या प्रांतातच एकमत नाही. कार्कासोनचे लोक मेंढीचे मांस आणि हंगामात तितर घालतात. तुलूझचे लोक आपल्या सॉसेजचा अभिमान धरतात. कार्कासोन येथे जन्मलेला पाकशास्त्रज्ञ प्रॉस्पेर मोंताञे याने या भांडणावर ख्रिस्ती त्रैक्याची उपमा योजून तोड काढली: कास्तेलनोदारीचे कासुले पित्याच्या स्थानी, कार्कासोनचे पुत्राच्या, आणि तुलूझचे पवित्र आत्म्याच्या.

आता घाईची गोष्ट. तीही वाटते तितकी अलीकडची नाही. निकोला आपेर या हलवायाने अन्न बाटलीत बंद करून उकळत्या पाण्यात ठेवल्यास ते टिकते हे दाखविले, आणि १८१० साली फ्रेंच सरकारने त्यास १२,००० फ्रँक दिले. त्याच विद्येतून पुढे डबाबंद कासुले निघाले व फ्रान्सभर गेले. दुसरा मार्ग प्रेशर कुकरचा. त्याचा मूळ पुरुष दनी पापँ हाही फ्रेंचच, ब्ल्वा गावचा. त्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले बंद झाकणाचे पात्र मांडले. १६८२ साली त्यात शिजविलेल्या जेवणास जॉन एव्हलिन हजर होता, आणि कठीण हाडेही मऊ झाल्याचे त्याने रोजनिशीत नोंदविले आहे. १६८५ साली फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेण्यात आले, आणि त्या पंथाच्या पापँला मायदेश कायमचा बंद झाला. त्याची युक्ती मात्र परतली: १९५३ साली 'सेब' कंपनीचा कुकर फ्रेंच घराघरांत शिरू लागला. आपल्याकडे १९५९ पासून हॉकिन्सने तेच केले.

या कुकरात, वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली, पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. म्हणून चार माणसांसाठी ४०० ग्रॅम पांढरा घेवडा रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कांदा, गाजर, लसूण व लवंग यांसह दहा-पंधरा मिनिटांत उकडतो. दाणा अख्खा राहिला पाहिजे. मांस व सॉसेज वेगळे खरपूस परतावे, बदक आयते मिळाले तर घ्यावे. मग सारे रुंद भांड्यात थर लावून, घेवड्याचे पाणी दाण्यांच्या पातळीपर्यंत घालून, ओव्हनमध्ये तासभर ठेवावे. सात वेळा नाही, तरी दोन-तीन वेळा साय मोडावी.

यातील दोन गोष्टींत मात्र घाई चालत नाही. भिजवण्याची रात्र वाचविता येत नाही असे नाही. दोन मिनिटे उकळून तासभर झाकून ठेवले तरी चालते. पण कच्च्या घेवड्यात जे विषारी द्रव्य असते ते जाण्यास निदान दहा मिनिटे खळखळून उकळी हवीच. नुसते मंद आचेवर ठेवलेले भांडे येथे धोक्याचे. तेव्हा सावकाशी म्हणजे शहाणपण, हेही सर्वस्वी खरे नाही. दुसरी गोष्ट ती साय. घेवड्याचे सत्त्व आणि मांसाचा चिकटा वर येऊन, वाळून, पुन्हा आत जातो, त्यातच रसाचा दाटपणा आहे. ते काम बंद झाकणाखाली होत नाही. ज्यांनी घेवडा, मांस सारे कुकरातच उरकले त्यांनी कासुले केले नाही, मांसाची उसळ केली.

बदलीच्या गावी सरकारी क्वार्टरात आम्हीही वालाचे बिरडे कुकरात करतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलण्यास जे दोन दिवस लागतात ते मात्र आम्ही अद्याप कमी केलेले नाहीत. तेवढे केले, तर आईने ते बिरडे म्हणून ओळखले असते, असे आम्हांस वाटत नाही. कासुलेवरील आक्षेपाचा निवाडा आम्ही याच मापाने करतो: चूल बदलली, भांडे बदलले, घेवडाही बदलला, साय राहिली, तोवर कास्तेलनोदारीच्या माणसास ते आपलेच वाटावे.