आठ मिलिमीटरची फट : घरगुती मधपेटीचा इतिहास

अंगणात किंवा गच्चीवर हौसेने मधपेटी ठेवणारा माणूस काय करतो? झाकण काढतो, एक चौकट वर उचलतो, राणीने अंडी घातली आहेत का ते पाहतो आणि चौकट परत जागी ठेवतो. पाच-दहा मिनिटांचे काम. पण ते माणसाला हजारो वर्षे जमले नव्हते, आणि का जमले नव्हते हे समजून घेणे हाच या टिपणाचा विषय आहे.

मधमाशा पाळणे फार जुने आहे. इजिप्तमध्ये इ.स.पू. 2400 च्या सुमाराच्या शिल्पात आडव्या रचलेल्या नळ्यांसारख्या पोळ्याच्या घरांतून मध काढताना माणसे दिसतात. आपल्याकडे काश्मीर-हिमाचलात घराच्या भिंतीतच मातीचे मडके बसवण्याची रीत आहे; बाहेरच्या बाजूस माशांना भोक, आतल्या बाजूस घरमालकाला झाकण. पण नळी असो, मडके असो वा ओंडका, आतले पोळे छताला आणि भिंतींना चिकटलेले असते. मध हवा तर ते कापायचे. युरोपात गवताच्या विणलेल्या टोपल्या वापरत. हंगाम संपला की सर्वांत जड टोपल्या जळत्या गंधकाच्या खड्ड्यावर ठेवून माशा मारीत. म्हणजे ज्या वसाहतीने सर्वांत जास्त मध जमवला, तिचाच वंश संपवायचा. शेतकरी बियाण्यासाठी नेहमी उत्तम कणीस राखतो. इथे नेमके उलटे चालले होते.

पोळे न मोडता आत डोकावण्याची पहिली चांगली सोय केली जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर यांनी. ते अंध होते. त्यांचा नोकर बर्नेन्स पाहून सांगे आणि ह्यूबर प्रयोग आखीत. त्यांची पेटी पुस्तकाच्या पानांसारखी उघडे. 1792 मध्ये त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पाने मिटताना माशा चिरडत, म्हणून रोजच्या वापराला ती पेटी गैरसोयीचीच. पुढे सायलेशियातील धर्मगुरू झिएरझोन यांनी पोळे लाकडी पट्ट्यांवर बांधून घेतले. तरी पोळ्याच्या कडा भिंतींना चिकटतच, सुरी लागतच असे.

इथे लॅंगस्ट्रॉथ येतात. फिलाडेल्फियात 1810 साली जन्मलेले हे गृहस्थ धर्मोपदेशक आणि शिक्षक. उदासीनतेच्या झटक्यांनी आयुष्यभर बेजार. त्यांनी आपल्या पेटीत पट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये सुमारे 3/8 इंच जागा सोडली होती आणि झाकण सहज निघते हे त्यांना ठाऊक होते. 1851 च्या शरद ऋतूत त्यांच्या मनात आले की हीच फट चौकटीच्या बाजूंना आणि खालीही सोडली तर? 6 मिलिमीटरहून कमी जागा माशा डिंकासारख्या रोगणाने बुजवतात. साडेनऊच्या वर गेली की तिथे पोळे बांधतात. यांच्या मधली जागा त्या येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार आवडते : शोध नव्या भागाचा नाही, दोन भागांमधल्या रिकाम्या जागेचा आहे. 1852 मध्ये त्यांना पेटंट मिळाले. नक्कल करणारे इतके निघाले की त्यातून त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही.

उरलेले लवकर जुळले. 1857 मध्ये जर्मनीत मेरिंग यांनी षट्कोनी ठसे असलेला मेणपत्रा केला, 1865 मध्ये ह्रुश्का यांनी पोळे न मोडता चौकटी फिरवून मध काढण्याचे यंत्र दाखवले. त्यामुळे तेच पोळे पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले.

भारतात ही पेटी आणायचा प्रयत्न 1880 च्या दशकात झाला. डाक-तार खात्यातील जॉन डग्लस यांनी 1884 मध्ये भारतीय मधमाशीपालनावर पुस्तकही लिहिले. पण परक्या मापाची पेटी आपल्या माशीला चालेना. आपली सातेरी माशी युरोपीय माशीपेक्षा लहान. तिच्या दोन पोळ्यांच्या मध्यांतले अंतर सुमारे 30-32 मिलिमीटर, युरोपीय माशीचे 35 च्या वर. वसाहतही लहान. 1911 ते 1917 या काळात दक्षिण भारतात रेव्हरंड न्यूटन यांनी हे ओळखून लहान पेटी बेतली. तिची चौकट जेमतेम 20 सेंमी लांब आणि 14 सेंमी उंच, तर लॅंगस्ट्रॉथची सुमारे 45 सेंमी लांब. घरामागच्या परसात, गरीब माणसालाही ठेवता येईल अशी ही पेटी होती. न्यूटन यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपते, हे मला अन्यायाचे वाटते.

हे माझ्या ध्यानात आले ते चुकीतून. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून पेटी मागवली आणि सातेरीची वसाहत तिच्यात बसवली. दोन आठवड्यांनी चौकट उचलायला गेलो तर तीन चौकटी एकत्र वर आल्या. पोळे आडवे-तिडवे बांधलेले. महिना व्हायच्या आत माशा निघून गेल्या. रिकामी पेटी कार्यशाळेत नेऊन व्हर्नियरने मोजली. चौकटींमधले अंतर 36 मिलिमीटर, बाजूची फट 12. पेटी युरोपीय माशीची, तीही ओल्या लाकडाची, सुकून आकसलेली. गंमत अशी की सातेरी रोगण गोळाच करत नाही, त्यामुळे लॅंगस्ट्रॉथच्या कोड्याचा अर्धा भाग, अरुंद फट बुजण्याचा, आपल्याकडे उद्भवतच नाही. दुसरी अडचण मात्र मोठी : जागा पटली नाही की सातेरी वसाहतीसह पळून जाते.

या स्वभावामुळेच युरोपीय माशी आणण्याचा मोह होता. आधीचे प्रयत्न फसल्यावर 1960 च्या दशकात नगरोटा बगवान इथे, त्या वेळच्या पंजाबात, प्रा. अटवाल यांच्या प्रयत्नांना यश आले. पंजाब-हरियाणात मोहरीच्या शेतांवर ती चांगली रुजली. त्याच सुमारास, 1962 मध्ये, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली आणि सातेरीवरचे कामही वाढले. मग 1991-92 मध्ये दक्षिणेत सातेरीवर थाई सॅकब्रूड हा विषाणूरोग आला. अळ्या पिशवीसारख्या होऊन मरत. औषध नव्हते. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूत घरोघरच्या पेट्या ओस पडल्या आणि बऱ्याच जणांनी युरोपीय माशीकडे मोर्चा वळवला. काही वसाहती तगल्या. त्यांच्यापासूनच पुढे पेट्या पुन्हा भरल्या.

महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरीच्या पेट्या आजही आहेत. जवळचे मांघर 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मी माझी दुसरी पेटी सुकलेल्या सागवानाची केली, चौकटी 31 मिलिमीटरवर, बाजूला 8 ची फट. ती गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात आहे. चौकटी एकेक करून सुट्या निघतात.