मैनेला घर का मिळालं नाही?

आज एका जुन्या सिनेमातल्या गुन्हेगार बाईबद्दल बोलायचंय. सिनेमा 'माणूस', साल १९३९. पुण्याच्या प्रभात कंपनीचा, व्ही. शांतारामांनी केलेला. हिंदीतही 'आदमी' नावाने निघाला.

गणपत हा पोलीस शिपाई. धाडीत त्याला मैना भेटते. नाचगाण्यावर पोट भरणारी बाई. तो तिला पकडत नाही, वाचवतो. तिचं गाणं तर फार गाजलं. समोर गिऱ्हाइकं वेगवेगळ्या प्रांतांची, म्हणून कडवीही वेगवेगळ्या भाषांत. कलाकारही तसेच हो! मैना झालेल्या शांता हुबळीकर हुबळीकडच्या. गणपत झालेले शाहू मोडक नगरच्या ख्रिस्ती घरातले, आणि पडद्यावर त्यांचा कृष्ण लोकांना फार आवडायचा.

त्याच काळात अमेरिकेत १९३४पासून सिनेमावाल्यांचे नियम कडक झाले होते. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायचं नाही. काळ्या माणसांच्या वाट्याला बहुतेक नोकर-मोलकरणीची कामं. बँक लुटणाऱ्या टोळीच्या गोष्टीत हॅरी बेलाफाँटेंसारखा काळा नट मुख्य भूमिकेत आला तो १९५९ला.

आपल्याकडे मैना गोष्टीच्या मधोमध आहे, हे मला मोठं वाटतं. तिला हसू येतं, राग येतो, ती प्रेम करते. पण गणपतच्या देवभक्त आईपुढे उभी राहिली की तिचा धीर सुटतो. लोकांनी ठेवलेला ठपका तिने स्वतःच्याच मनात घेतलाय. पुढे छळणाऱ्या नातलगाचा तिच्या हातून खून होतो. गणपत तुरुंगातून सोडवायला येतो, तर ती नाही म्हणते.

इथे माझं शांतारामांशी भांडण आहे. गणपत सावरतो, कामाला लागतो. मैनेला मात्र कोठडी. गोष्ट लिहिणाऱ्यांना तिच्यासाठी दुसरी जागा सुचली नाही का?

जागा तर होती. खुटबावहून दौंडकडे निघालं की पुढचंच स्टेशन केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनाजवळ अशाच बायकांसाठी 'कृपासदन' काढलं होतं. बायका तिथे राहायच्या, लिहायला-वाचायला आणि हाताचं काम शिकायच्या. रमाबाई १९२२ला गेल्या. 'माणूस' त्यानंतर १७ वर्षांनी आला.